राखीव संघाचे तेवीस पराभव

बाबा, तुमचा स्वीडनमधला फुटबॉल क्लब बंद होतोय. म्हणजे अगदी बंद नाही, शेजारच्या गावाच्या क्लबात मिसळून टाकणार आहेत. पण नाव जाणार, हिरवा-पांढरा रंग जाणार, म्हणजे बंदच की. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, त्यामुळे ही बातमी तुम्हाला कळवायची घाई कुणालाच नव्हती. पण माझं डोकं चार दिवस तापलेलं आहे, आणि राग तुमच्यावर आहे, मग दुसऱ्या कुणाला कशाला सांगू?

मी ब्रेडाला असते. हॉलंडच्या दक्षिणेला. इथे कशी येऊन पोचले ती गोष्ट लांब आहे. ज्याच्याशी लग्न करून आले तो आइंडहोव्हनला कॉम्प्युटरच्या चिपा बनवायच्या मशीनांवर काम करतो, माणूस चांगला आहे, पण आता आम्ही एकत्र राहत नाही. राहायचं कार्ड मात्र आता माझं स्वतःचं आहे, आईला तेवढाच दिलासा. मधल्या काळात हार्लेमला एका घरी मुलं सांभाळली, वाखनिंगनला काचघरात टोमॅटोच्या रोपांना नंबरांच्या चिठ्ठ्या बांधल्या. तिथले शास्त्रज्ञ रोपांशी बोलायचे, खरंच, वाकून चौकशी करायचे. आपल्या घरात एवढी चौकशी मी कधी ऐकली नव्हती. सध्या एका गोदामात बूट खोक्यात भरते. दोन डावे एका खोक्यात गेले की खोकं परत येतं आणि सुपरवायझर माझ्याकडे असा बघतो की जणू डाव्या-उजव्याचा शोध मीच लावायचा होता. तुम्ही म्हणाला असतात, डिप्लोमा पुरा केला असतास तर ही वेळ आली नसती. नाही केला. दुसऱ्या वर्षाला सोडला. ते जाऊ दे. मला वहीबद्दल बोलायचंय.

मी सहा वर्षांची असताना भोसरीच्या कंपनीने तुम्हाला स्वीडनला धाडलं, तिथल्या मूळ कारखान्यात नवं मशीन शिकायला. सहा महिने म्हणून गेलात, दोन वर्षं झाली. परत आलात तेव्हा बॅगेत माझ्यासाठी लोकरीचा हिरवा-पांढरा मफलर होता, आईसाठी चीज कापायची एक सुरी, फावड्यासारखी, मध्ये फट असलेली, आणि तपकिरी पुठ्ठ्याची एक वही. आपल्या घरात तेव्हा चीज येत नव्हतं. आईने त्या सुरीने आयुष्यभर बटाट्याचे काप पाडले. मी मफलर भर मे महिन्यात घालून गॅलरीत उभी राहायचे, मानेवर घामोळं उठलं तरी काढला नाही. इथे आले तर प्रत्येक डच स्वयंपाकघरात तीच सुरी. हार्लेमच्या घरात पहिल्या दिवशी ड्रॉवर उघडला आणि ती दिसली, तर मी तो इतक्या जोरात आपटून बंद केला की घरातली बाई जिन्यावरून पळत खाली आली. म्हणाली, बोट सापडलं का? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही "क्लबचा इतिहास" असं लिहिलंत आणि खाली पट्टीने दोन रेघा मारल्यात. रविवारी सकाळी आई पोळ्या लाटतेय, तुम्ही ओट्याजवळच्या स्टुलावर बसला आहात, आणि वाचताय. नदीच्या वरच्या अंगाला लाकडाची गिरणी, खालच्या अंगाला ओतशाळा. दोन्हीकडच्या कामगारांचे दोन क्लब, एक हिरवा, एक पांढरा. एकमेकांची तोंडं बघायचे नाहीत. एका वर्षी निम्मी माणसं जंगलात लाकूडतोडीला गेली आणि दोन्हीकडे अकरा गडी भरेनात. मग एका सामन्यापुरते एक झाले. जिंकले. मग वेगळं व्हायचं कुणाच्या तोंडून निघेना. गाठी आलेलं, विकलं न जाणारं लाकूड गिरणीने दिलं, त्यातून कामावरून सुटल्यावर सगळ्यांनी मिळून प्रेक्षकांसाठी मांडव उभारला. आणि एकदाच, एकच वर्ष, क्लब देशातल्या सगळ्यात वरच्या वर्गात गेला. तुम्ही वर्ग म्हणायचात, बढती-घसरण असले शब्द तुम्हाला आवडायचे नाहीत. त्या वर्षात एकच सामना जिंकले, राजधानीच्या बड्या क्लबविरुद्ध, मे महिन्यात अवचित बर्फ पडला त्या दिवशी. बर्फात खेळायचा केशरी चेंडू कोठीत होता आणि कोठीची किल्ली मैदान राखणाऱ्या माणसाकडून हरवली होती, म्हणून पांढऱ्याच चेंडूने खेळले, आणि पाहुण्यांच्या गोलकीपरला तो जाळ्यात जाईपर्यंत दिसला नाही. "किल्ली हरवली म्हणून इतिहास घडला," असं म्हणून तुम्ही हसायचात. मग वर्षअखेर क्लब नापास. तुमचाच शब्द. आई पोळी उलटत म्हणायची, "त्या किल्लीवाल्याला आपल्या गॅसवाल्याकडे पाठवा, जोडी जमेल."

हे सगळं तुम्हाला त्याच किल्लीवाल्याने सांगितलं होतं. म्हातारा झाला होता, पण मैदान तोच राखायचा. पाळी संपली की तुम्ही त्याच्याकडे कॉफी प्यायला जायचात, मोडक्या स्वीडिशमध्ये विचारायचात आणि खोलीवर येऊन मराठीत उतरवायचात. किती नीट, बाबा. गोलकीपर बेकरीत कामाला होता आणि पहाटेच्या पाळीमुळे दुपारच्या सामन्यात जांभया द्यायचा, हेसुद्धा आहे वहीत. आम्ही दोघी त्या दोन वर्षांत काय करत होतो याची मात्र एक ओळ नाही.

आम्ही काय करत होतो ते सांगते. मी निळ्या हवाईपत्रावर तुम्हाला लिहीत होते. आई पेन्सिलीने रेघा आखून द्यायची. तुम्ही काय जेवता, तिथे कावळे आहेत का, आमच्या बाईंना वाटतं तुम्ही खेळाडू आहात, मी हो म्हटलं तर चालेल का. दर पंधरा दिवसांनी एक. उत्तर एकाचंही नाही. पोस्टमन आमच्या जिन्यात चढला की मी कठड्यावर पोट टेकवून खाली बघायचे आणि तो दुसऱ्या मजल्यावरूनच वळायचा. आई सांगायची, त्यांना काम खूप असतं गं. महिन्याच्या पहिल्या रविवारी शेजारच्या काकूंकडे फोन यायचा, तीन मिनिटांचा. दोन मिनिटं आई. मग मी. तुम्ही म्हणायचात, "काल आम्ही जिंकलो." आम्ही! आपण नाही, आम्ही. सहा वर्षांच्या पोरीलाही मराठीत एवढं कळतं, बाबा. "आपण जिंकलो" म्हटलं असतंत तरी मला पुरलं असतं. फोन ठेवला की काकू विचारायच्या, "काय म्हणाले बाबा?" मी सांगायचे, ते जिंकले.

आणि आठवीत मी नापास झाले तेव्हा. निकालाचा कागद ओट्यावर पडलेला, आई चहा गाळतेय, मी वाट बघतेय की आता ओरडाल, नाहीतर जवळ घ्याल, दोन्हीतलं काहीही चाललं असतं. तुम्ही वही काढलीत. म्हणालात, "क्लबला नुसतं दुसऱ्या वर्गात परत यायला अठरा वर्षं लागली. तू निदान फेरपरीक्षेला बस." आई हसली. मी पण हसले. नंतर न्हाणीघरात जाऊन मफलर बादलीत बुडवून ठेवला. पोरगी नापास का झाली हे विचारायचं असतं, बाबा. रात्री झोप लागते का, वर्गात कुणी त्रास देतं का. तुमच्याकडे तिच्यासाठी एक क्लब होता. पुढच्याच वर्षी तुम्ही मशीनवर काम करता करता खाली बसलात आणि उठला नाहीत, त्यामुळे हे भांडण तेव्हापासून माझ्या एकटीकडेच पडून आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी स्वीडनला, तुमच्या क्लबच्या गावी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. गोदामात सुट्टी पडली, स्वस्तातली बस दिसली, बसले. माझं सगळं असंच. गाव एवढंसं. कारखाना बंद, गिरणीत आता पोहायचा तलाव. मैदान आहे, भोवती पांढऱ्या सालीची झाडं, पण तुमचा लाकडी मांडव नाही. तुम्ही परतल्यावर काही वर्षांनी जळला, आणि त्याच्या पोटातली कचेरी, सगळे कागद त्याच्याबरोबर. क्लबची सेक्रेटरी म्हणजे गावच्या वाचनालयात काम करणारी एक बाई, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. तिने वेलचीचा पाव दिला. बाबा, वेलचीचा पाव! हे नाही लिहिलंत कधी. मी पिशवीतून वही काढली तेव्हा ती ओल्या हाताने शिवेना, हात पुसून आली. म्हणाली, क्लब मिटण्याआधी इतिहासाचं एक पुस्तक काढायचंय आणि आमच्याकडे काहीच नाही, तू हे इंग्रजीत करून देशील?

केलं. वर्षभर, गोदामातून आल्यावर, चुकतमाकत. वहीचा पहिला अर्धा भाग म्हाताऱ्याने सांगितलेला इतिहास, दुसऱ्या अर्ध्यात तुम्ही स्वतः बघितलेले दोन मोसम, तारीखवार. घ.वि. म्हणजे घरी विजय, बा.प. म्हणजे बाहेर पराभव, ब. म्हणजे बरोबरी, पुढे समोरचा संघ आणि गोल. सगळं निळ्या शाईत. आणि मधूनमधून, रविवारच्या तारखांना, लाल शाईत तीनच अक्षरं: घ.प.रा. समोरचा संघ नाही, गोल नाहीत. तेवीस वेळा. त्या बाईने पहिल्याच दिवशी त्यावर बोट ठेवून विचारलं होतं, हे लाल काय? मी वाचनालयात बसून, वेलचीचा पाव खात, ठामपणे सांगितलं: घरी पराभव, राखीव. क्लबचा राखीव संघ घरच्या मैदानावर हरला. गोल लिहायची बाबांना लाज वाटली असेल.

ती खुर्चीतून उठलीच. "आमचा राखीव संघ होता? मला कुणी कधी बोललं नाही!" पहिल्या संघाचे तुमचे सगळे निकाल तिने जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहिले, एकही चुकला नव्हता. मग राखीव संघावर तरी अविश्वास कशाला ठेवायचा? तिने त्याच्यावर वेगळं प्रकरण लिहिलं. दर रविवारी हरायचं माहीत असूनही उतरणारी पोरं, असं काहीतरी. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरली, आणि गंमत बघा, दोघांना तो संघ आठवायला लागला. एक म्हणतो मी डावा बचावपटू होतो, दुसरा म्हणतो खोटारडा आहे, डाव्या बाजूला मी होतो. दोघांचं बोलणं बंद आहे म्हणे.

गेल्या शुक्रवारी तिचा मेल आला. पुस्तक येत्या शुक्रवारी छापायला जातंय, फक्त एक शंका: काही लाल तारखा जानेवारीतल्या आहेत. जानेवारीत आमच्या मैदानावर गुडघाभर बर्फ असतो. तुझ्या बाबांचा राखीव संघ बर्फात कसा हरला?

मलाही सांगता येईना. शनिवारी मी इथल्या क्लबच्या कँटीनमध्ये असते. ज्या आजींकडे खोली घेतली आहे त्यांचा नातू खेळतो, आणि मुलांच्या घरच्यांनी आळीपाळीने कँटीन चालवायची असा इथला नियम आहे. आजींचे गुडघे गेले म्हणून त्यांची पाळी मी करते. टोस्टी, म्हणजे चीजचं सँडविच, भाजायची, कॉफी ओतायची. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी आईला फोन लावला. तिच्या मागे भांड्यांचा आवाज.

"आई, बाबांच्या वहीत घ.प.रा. लिहिलंय. ते राखीव संघाचंच ना?"

"कसला संघ?"

"लाल शाईत. घरी पराभव, राखीव."

"अगं वेडे," आई म्हणाली, "घरी पत्र राहिलं."

"काय?"

"घ.प.रा. घरी पत्र राहिलं. आपल्या कॅलेंडरवर नाही का लिहायचे? गॅ.नों.रा., गॅस नोंदवायचा राहिला. द.द्या.रा., दळण द्यायचं राहिलं. त्यांचं सगळं रा.च असायचं. लाल पेन त्यासाठीच तर होतं." आणि हसायला लागली.

माझ्यामागून कॉफीच्या थर्मासपाशी बसलेला म्हातारा डचमध्ये ओरडला, "पोरी, जळतंय!" टोस्टीतून धूर निघत होता. मी यंत्र बंद केलं.

"किती वेळा लिहिलंय?" आईने विचारलं. हसू थांबलं होतं.

"तेवीस."

पलीकडे तिने एक भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे तेवीस वेळा आठवण झाली."

"त्यांची बाजू घेऊ नकोस हं, आई."

"बाजू कसली घ्यायची? घ्यायला माणूस उरलाय का? मला इतकी वर्षं वाटायचं, आठवतच नव्हतं त्यांना. आता हे बरं म्हणायचं का वाईट, तूच ठरव. माझी फोडणी करपतेय." आणि ठेवला फोन.

मी ठरवलं. वाईट. बाबा, विसरला असतात तर मी सोडून दिलं असतं. परका देश, परकी भाषा, पाळ्या, थंडी, माणूस विसरतो. पण तुम्हाला आठवत होतं! रविवार उजाडला की आठवत होतं. तुम्ही वही उघडायचात, निळं पेन ठेवून लाल पेन हातात घ्यायचात, तारीख घालायचात, तीन अक्षरं लिहायचात आणि वही मिटायचात. तेवढ्या वेळात पोस्टकार्ड झालं असतं. मजेत आहे, जेवतो, इथे कावळे आहेत पण करडे, बाबा. काय लागत होतं? दुसऱ्याच्या बेकरीतल्या गोलकीपरच्या जांभया लिहायला तुमच्याकडे शाई होती. आणि सगळ्यात चीड कशाची येते सांगू? अख्ख्या वहीत "घ." म्हणजे ते मैदान, त्या पांढऱ्या सालीच्या झाडांमधलं. फक्त त्या तेवीस ठिकाणी "घ." म्हणजे भोसरीचा आपला तिसरा मजला. मी "प." म्हणजे पराभव वाचलं आणि "रा." म्हणजे राखीव वाचलं. फार चुकीचं वाचलं असं मला अजूनही वाटत नाही. बाकावर बसून होतोच की आम्ही दोघी.

सोमवारपासून त्या सेक्रेटरीबाईला खरं लिहायचा प्रयत्न करतेय. "हे सामने नाहीत," एवढं इंग्रजीत लिहिते आणि पुढे अडते. मग काय आहेत, असं ती विचारेल. एका परक्या बाईला, क्लबच्या पुस्तकासाठी, सांगू की हे माझे बाबा आहेत, पत्र न लिहिणारे? त्या दोन म्हाताऱ्यांकडून डावी बाजू काढून घेऊ? त्यांनी माझं काय केलंय? पण नाही सांगितलं तर तुमच्या नीट, एकही चूक नसलेल्या इतिहासात एक धादांत खोटा संघ कायमचा खेळत राहणार. एक मन म्हणतं, राहू दे. बाबांना तेवढीच अद्दल. दुसरं मन म्हणतं, ही अद्दल नाही, हा आळस आहे, आणि तो कुणाकडून आलाय ते तुला माहीत आहे. पत्रांची उत्तरं मी तरी कुठे देते? ज्याला आइंडहोव्हनला सोडून आले त्याने वाढदिवसाला कार्ड पाठवलं होतं, ते खिडकीत उभं आहे तीन महिने.

आणि आता हे तुमचं. एवढी पानं लिहिली, वहीच्याच मागच्या कोऱ्या पानांवर. टाकू कुठे?

आज दुपारच्या सुट्टीत मी तिला मेल केला. खरं लिहिणार होते, शपथ. लिहिलं ते इतकंच, की बर्फाचं मला सांगता येत नाही, पण आकडा चुकलाय, छापण्याआधी दुरुस्त कर. राखीव संघ घरी तेवीस वेळा नाही, चोवीस वेळा हरला. तिने लगेच आभार मानले. मग मी तुमच्या शेवटच्या लाल ओळीखाली आजची तारीख घातली आणि ती तीन अक्षरं लिहिली. लाल पेन जवळ नव्हतं, गोदामातल्या निळ्यानेच.